परक्यांनाही जागा

घरकर्ज ही आजकालची गोष्ट असं आपण समजतो. धुळ्याचा इतिहास वेगळं सांगतो. 1818मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा लढाया, लूट आणि दुष्काळ यांनी मुलूख ओस पडलेला. त्यानंतर लगेचच कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी पांझरेकाठच्या धुळ्यात जिल्ह्याचं ठाणं केलं. माणसं वसावीत म्हणून घरासाठी बिनभाड्याच्या जागा दिल्या, वर पक्कं घर बांधायला आगाऊ रक्कमही. जुन्या रहिवाशांना आणि परक्यांनाही. ब्रिग्ज काही संत नव्हते, सरकारला महसूल हवा होता. पण तो 'परक्यांनाही' शब्द माझ्या मनातून जात नाही.

निकाहानंतर आम्ही दोघं याच शहरात खोली शोधत फिरलो. नाव सांगितलं की खोली 'कालच गेलेली' असायची. अखेर एका आजींनी धाब्याचं घर दिलं. त्यांनी भाडं विचारलं, नाव नाही. मृगाआधी आम्ही वर खारी माती टाकली, बायकोनं भिंती पोतारल्या. तरी पहिल्या पावसात धाबं गळलंच. तिच्या माहेरच्या नव्या पातेल्यांचा पहिला उपयोग तो!