चित्रलिपीची धाकटी नव्हे, जुळी बहीण

प्राचीन इजिप्तचे लेखन म्हटले की देवळांच्या भिंतींवर कोरलेली चित्रलिपी डोळ्यांपुढे येते. हायरॅटिक ही शाईची वळणदार लिपी म्हणजे तिचेच घाईत बिघडलेले रूप, असा समज त्यामुळे रूढ झाला. पुरावे मात्र वेगळी कुळकथा सांगतात. अबिदोसच्या ‘यू-जे’ या इ.स.पू. ३२००च्या सुमाराच्या थडग्यात चिन्हे कोरलेल्या लहान पट्ट्या सापडल्या, तसेच शाईने चिन्हे रंगवलेले रांजणही सापडले. कोरणे आणि रंगवणे या दोन्ही रीती आरंभापासून शेजारी होत्या. लव्हाळ्याची लेखणी आणि काजळीची शाई हाती असलेल्याने पक्ष्याचे पीस न् पीस काढण्याचे कारण नव्हते. रेघा कमी झाल्या, चिन्हे एकमेकांना जोडली गेली आणि लिहिण्याला वेग आला.

यावर आक्षेप असा, की हायरॅटिक चिन्हांमागे बहुधा चित्र दाखवता येते; मग ती चित्रलिपीचीच लेक नव्हे का? नाते खरेच आहे, पण ते एकाच दिशेने वाहत नाही. कोरायचा मजकूर अनेकदा आधी शाईने हायरॅटिकमध्ये लिहिला जाई. म्हणूनच दगडावरच्या काही चुका हायरॅटिकमध्ये सारखी दिसणारी दोन चिन्हे गफलतीने अदलाबदल झाल्याच्या आहेत. कोरीव लेखाचा कच्चा खर्डा बहुधा या लिपीत होता.

दुसरा आक्षेप वाचणाऱ्यांच्या संख्येचा. साक्षर मोजकेच होते, तेव्हा हायरॅटिकला रोजची लिपी कसे म्हणावे? लिपी रोजची ठरते ती तिच्यातून चालणाऱ्या कामांमुळे. वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये मिळालेल्या पपायरसांत मेरेर नावाचा अधिकारी खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा येथून गिझाला नावेने नेलेल्या चुनखडीची रोजची नोंद ठेवतो. देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीतील एका लेखात त्यांच्या गैरहजेरीची कारणे आहेत: कुणाला विंचू चावला, कुणी बिअर बनवत होता. देवळाच्या भिंतीवर हे कधीच आले नसते.

इ.स.पू. सातव्या शतकात याच परंपरेतून डेमॉटिक ही लिपी घडली आणि करारमदार, पावत्या तिच्यात लिहिल्या जाऊ लागल्या. फिले येथे चित्रलिपीचा शेवटचा दिनांकित लेख इ.स. ३९४चा, तर डेमॉटिकचा ४५२चा. ग्रीक अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या कॉप्टिकनेही काही ध्वनींसाठी चिन्हे घेतली ती डेमॉटिकमधून. इजिप्तचे लेखन समजायचे तर सुरुवात भिंतींपासून नव्हे, शाईत लिहिलेल्या या नोंदी-हिशेबांपासून करायला हवी. राज्य चालले ते त्यांच्यावर.