आपला ओक म्हणजे वड

ओक आडनावाची माणसे आपल्याकडे पुष्कळ भेटतात, पण ओकाचे झाड सह्याद्रीच्या रानात उगवत नाही. ते पाहायला हिमालयात जावे लागते. तिथल्या एका जातीला बांज म्हणतात. विलायतेत पाखरांसाठी, किड्यामुंग्यांसाठी लोक मुद्दाम ओक लावतात. उत्रोलीत त्या जागी कोण, असे कोणी विचारले तर मी वडाचे नाव घेईन.

वृक्षारोपणाच्या फलकांवर ‘शिवाजी महाराजांची आज्ञा’ म्हणून एक मजकूर हमखास दिसतो. तो मूळचा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला. महाराज १६८० साली गेले. आज्ञापत्र १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत लिहिले गेले. पंतांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता, म्हणून विचार महाराजांचा म्हणायला माझी हरकत नाही. पण लेखणी कोणाची, हे मुलांना सांगावे. शिवाय पंत आपल्याला परके नाहीत. राजाराम महाराज जिंजीला असताना त्यांनी आणि शंकराजी नारायणांनी मिळून इकडचा मुलूख सांभाळला, आणि भोर संस्थानाचे मूळपुरुष हेच शंकराजी.

फलकावर येतो तो आरमाराच्या प्रकरणातला भाग. आंबा-फणसाचे लाकूड जहाजांना उपयोगी असले तरी त्याला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, असे पंत सांगतात. दुर्गांच्या प्रकरणाकडे मात्र कोणी वळत नाही. गडावर कोणती झाडे लावावीत ते तिथे दिले आहे, आणि मोठ्या वृक्षांत आंबा, फणस, चिंच यांच्याबरोबर वड-पिंपळही आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा उशाशी असलेल्या आम्हा लोकांना हे ठाऊक असायला हवे.

वडाचे लाकूड इमारतीला फारसे कामाचे नाही. इंग्रजांच्या जंगलखात्याची नजर सागावर होती. वड वाचला तो काहीसा या निरुपयोगामुळे आणि बराचसा वटपौर्णिमेमुळे. (आता त्याच दिवशी त्याच्या फांद्या तोडून बाजारात विकतात, ते वेगळे!)

पाखरांच्या दृष्टीने मात्र त्याच्याइतका उपयोगी कोणी नाही. वडाचे फळ म्हणजे आत बंद झालेला फुलोरा. त्यात शिरून परागीकरण करणारा बारीक कीटक वडापुरताच असतो आणि मोजके दिवस जगतो. त्याचा वंश टिकायचा तर एका वडाची फळे सरताना जवळपास दुसरा वड फळावर यावा लागतो. म्हणूनच रानात इतर फळे नसतात तेव्हाही कुठला ना कुठला वड लगडलेला सापडतो. दिवसा हरियाल, तांबट, कोकीळ, साळुंक्या, रात्री वटवाघळे. बी पेरायचे कामही तीच करतात.

असा वड रस्तारुंदीकरणात एका दुपारी आडवा होतो, आणि भरपाई म्हणून मादागास्करहून आलेल्या गुलमोहराची रोपे लागतात. पंतांनी सांगितलेला काळाचा हिशेब इथे कोणी करत नाही.

लावणे अवघड नाही. मृगाचा पाऊस स्थिरावला की मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी हात-दीड हात खोल रोवावी, बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. भिंतीत उगवलेले रोप अलगद काढूनही लावता येते. पहिली तीन-चार वर्षे शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण हवेच. घर आणि विहीर यांपासून लांब, आणि रस्त्यापासून चांगला शंभर फूट आत लावावा, म्हणजे पुढचे रुंदीकरणही त्याच्यापर्यंत सहसा पोचणार नाही.