आठ शब्दांचा वेग, पाच चुकांची मुभा

हौशी रेडिओच्या परवान्यासाठी भारतात होणाऱ्या परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. जनरल श्रेणीला लागते, घेणे आणि पाठवणे दोन्ही, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने. २००३ साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने ३० मेगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांसाठी असलेली मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून घेतली आणि निर्णय त्या त्या देशावर सोपवला. ब्रिटन आणि जर्मनीने त्याच वर्षी ही अट रद्द केली, अमेरिकेने फेब्रुवारी २००७ मध्ये. भारतात ती जनरल श्रेणीपुरती उरली. ती असावी की नसावी हा वाद हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, चहाच्या टेबलावर तासन् तास घालू शकतात. तो इथे घ्यायचा नाही.

इथे प्रश्न तयारीचा आहे. पूर्वी दुसऱ्या श्रेणीला ५ आणि पहिल्या श्रेणीला १२ शब्दांचा वेग लागे. पुढे श्रेणींच्या फेररचनेत ८ आला. आकडा मधला, निरुपद्रवी वाटणारा, पण तयारीच्या दृष्टीने सगळ्यांत फसवा. ५ च्या वेगाला टिंबे-रेघा मोजून अक्षर ओळखता येते. १२ ला मोजायला वेळच उरत नाही. ८ ला कधी जमते, कधी जमत नाही, आणि नेमके कधी जमणार नाही हे आधी कळत नाही. माझे म्हणणे असे, की या परीक्षेत घात होतो तो एका चुकीच्या पोटातून दुसरी चूक निघते म्हणून. वेगाचा दोष त्या मानाने थोडा. तेव्हा तयारी व्हायला हवी ती चुकीनंतरच्या दोन-तीन सेकंदांची.

मात्रांचा हिशेब

मोर्सचे सगळे गणित टिंबाच्या लांबीवर चालते. टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एका मात्रेची शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रांची, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला 'पॅरिस' हा शब्द नमुना धरतात, कारण शेवटच्या मोकळ्या जागेसकट त्याच्या बरोबर ५० मात्रा भरतात. मिनिटाला ८ शब्द म्हणजे ४०० मात्रा; म्हणून टिंब १५० मिलिसेकंदांचे आणि रेघ ४५० ची.

एच म्हणजे चार टिंबे. मधल्या शांतता धरून सात मात्रा, म्हणजे एका सेकंदाहून किंचित जास्त. एवढ्या वेळात कोणीही मनातल्या मनात एक-दोन-तीन-चार म्हणू शकतो. २० शब्दांच्या वेगाला हाच एच ४२० मिलिसेकंदांत संपतो. तिथे मोजदाद संपते आणि कान त्याला एक अखंड आवाज म्हणून ओळखतो किंवा ओळखत नाही. ८ ची अडचण हीच. हा वेग मोजण्याची सवय मोडायला भाग पाडत नाही, आणि ती सवय पुरेशीही ठरू देत नाही.

आता नियम. घेण्याच्या चाचणीत सरळ इंग्रजी मजकुराचा २०० अक्षरांचा उतारा पाच मिनिटे सलग ऐकवतात. पाच अक्षरांचा एक शब्द धरला की ८ गुणिले ५ गुणिले ५, हिशेब चोख बसतो. त्याआधी सरावाचा एक मिनिटाचा तुकडा मिळतो. प्रयत्न एकच. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की उमेदवार बाद.

२०० पैकी पाच चुका म्हणजे साडेसत्याण्णव टक्के अचूकता. घरी पंच्याण्णव टक्के येऊ लागले की माणूस खूश होतो, पण परीक्षेच्या दृष्टीने ती खुशी महागात पडते. प्रत्येक अक्षर स्वतंत्र धरून संभाव्यतेचे साधे गणित मांडले तर पंच्याण्णव टक्के अचूकतेचा उमेदवार शंभरात सहा-सात वेळाच उत्तीर्ण होईल. साडेसत्याण्णववाला बासष्टच्या आसपास. नव्याण्णववाला अठ्ठ्याण्णव वेळा. म्हणजे सरावात नव्याण्णव टक्के सातत्याने दिसू लागल्याशिवाय अर्ज भरण्याची घाई करू नये.

प्रत्यक्षात चुका स्वतंत्र नसतात आणि खरा विषय इथेच सुरू होतो. उताऱ्यात इंग्रजी 'शिप' हा शब्द आला असे समजा: एस, एच, आय, पी. एसची तीन टिंबे, एचची चार, आयची दोन. ओळीने नऊ टिंबे, वेगळेपण फक्त मधल्या शांततांचे. मोजणाऱ्या माणसाला एचपाशी शंका येते: चार होती की पाच? पाच टिंबे म्हणजे तर आकडा ५. ही शंका निस्तरायला त्याच्याजवळ ४५० मिलिसेकंद आहेत, आणि ती निस्तरेपर्यंत आयची दोन टिंबे सुरू होऊन संपलीसुद्धा. भानावर येतो तेव्हा पी अर्धा झालेला असतो. एका अक्षराची शंका तीन अक्षरे घेऊन गेली. असा प्रत्येक अडखळा तीन अक्षरे खात असेल तर पाच मिनिटांत एकच परवडतो. दुसरा झाला की चुका सहा.

तक्ता आणि कान

मोर्स बहुतेकांना प्रथम भेटते ते छापील तक्त्यातून, आणि तिथेच बिघडते. तक्त्यावर ए आणि एन एकमेकांचे आरशातले रूप दिसतात. तसेच डी आणि यू, जी आणि डब्ल्यू, बी आणि व्ही. कानाला मात्र डि-डा आणि डा-डिट यांत फारसे साम्य जाणवत नाही. ज्याच्या वहीत ए-एनची अदलाबदल वारंवार दिसते त्याने मोर्स डोळ्यांनी शिकलेले आहे, असे मी खुशाल धरून चालतो. एस-एच-५ ची गल्लत करणारा कानाने शिकतो आहे, फक्त अजून मोजतो आहे. तेव्हा गुणांची बेरीज बाजूला ठेवून आधी चुकांची जोडी कोणती हे पाहावे.

कानाच्या चुकांचा नीट अभ्यास झालेला आहे. एर्न्स्ट रॉथकॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मोर्स न येणाऱ्या ५९८ जणांना इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून ३६ खुणांच्या जोड्या ऐकवल्या आणि दोन्ही खुणा सारख्या की वेगळ्या, एवढेच विचारले. त्या गोंधळांचे विश्लेषण रॉजर शेपर्ड यांनी १९६३ मध्ये केले. तेव्हा सगळा पसारा दोनच अक्षांवर मांडता आला: खुणेत घटक किती, आणि त्यांत टिंबांचे-रेघांचे प्रमाण काय. व्ही आणि ४, बी आणि ६ या जोड्यांत एका टिंबाचाच फरक आहे. कानाने शिकणाऱ्याने सर्वाधिक वेळ अशा जोड्यांवर घालवावा. आरशातल्या जोड्यांची काळजी त्याला फारशी करावी लागत नाही.

तबला शिकणारा बोल आधी तोंडाने म्हणतो, हात नंतर चालतो. मोर्सचेही तसेच करावे: क्यू म्हणजे डा-डा-डि-डा, एवढीच त्याची ओळख. टिंब, रेघ हे शब्द तक्त्यासाठी ठेवावेत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३० च्या दशकात हाच विचार पद्धतीत बसवला. दोनच अक्षरे घ्यायची, पण पूर्ण वेगाने. नव्वद टक्के बरोबर येऊ लागली की तिसरे जोडायचे. आज संगणकावर आणि फोनवर मिळणारे बहुतेक सराव-कार्यक्रम याच वाटेने जातात, सुरुवात सहसा के आणि एम यांनी. कॉखचा नव्वद टक्क्यांचा निकष नवे अक्षर जोडण्यासाठी आहे, परीक्षेला बसण्यासाठी नव्हे. नव्वद टक्के म्हणजे आपल्या उताऱ्यात वीस चुका. हा घोटाळा इतके जण करतात की तो सांगितलेला बरा.

फार्न्सवर्थ यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी युक्ती अशी, की अक्षर जलद वाजवायचे आणि अक्षरांमधल्या शांतता ताणून एकूण वेग खाली आणायचा. अक्षरे १५ च्या वेगाने आणि एकूण वेग ८ ठेवला तर टिंब ८० मिलिसेकंदांचे होते आणि दोन अक्षरांमध्ये सुमारे ०.८ सेकंद मिळतात, म्हणजे नेहमीच्या ४५० मिलिसेकंदांपेक्षा बरेच जास्त. अक्षर मोजता येत नाही, लिहायला मात्र सवड मिळते. शिकण्यासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही.

पण परीक्षेत उतारा कोणत्या पद्धतीने ऐकवला जाईल याची खात्री उमेदवाराला नसते. फक्त १५-८ वर वाढलेल्या कानाला अस्सल ८ चा एच रेंगाळलेला, जवळजवळ परका वाटतो, आणि सोडलेली मोजण्याची सवय मागच्या दाराने परत येते. म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत रोजच्या सरावाचे दोन भाग करावेत, एक ताणलेल्या जागांचा आणि एक सरळ ८ चा. स्वरही बदलत राहावा, आणि अधूनमधून हेडफोन काढून स्पीकरवर, खोलीच्या घुमणाऱ्या आवाजात ऐकावे.

पठार खरे की भास

सरावात एक टप्पा येतो जिथे आलेख आडवा होतो. विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये अमेरिकी तारयंत्रचालकांवर केलेल्या अभ्यासांत हे पठार नोंदवले आणि त्याचा अर्थही लावला: अक्षरांची सवय पक्की झालेली असते, शब्दांची अजून लागलेली नसते. ते चालक जुनी अमेरिकन मोर्स साउंडर या ठोके वाजवणाऱ्या यंत्राच्या कडकट्टवर ऐकत, म्हणून त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पुढे फ्रेड केलर यांनी १९५८ मध्ये हे पठार म्हणजे भासच आहे असा लेख लिहिला. केलर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना मोर्स शिकवण्यासाठी पद्धत बसवली होती: खूण वाजते, शिकणारा लिहितो, लगेच आवाजात उत्तर सांगितले जाते. पठाराबद्दल कोणाचे खरे मानायचे ते माना, पण चूक झाल्याच्या क्षणीच उत्तर कळले तर गोंधळाची जोडी पक्की होत नाही, हे तत्त्व ८ च्या उमेदवाराला आजही थेट वापरता येते.

फक्त हे तत्त्व नव्या अक्षरांपुरते ठेवावे. पाच मिनिटांचे उतारे घेताना नेमके उलट करायचे: मध्ये थांबायचे नाही, मागे पाहायचे नाही. सुटले त्या जागी आडवी रेघ मारून पुढचे अक्षर पकडायचे. याचा सराव मुद्दाम करावा. घरातल्या कोणाला तरी उतारा चालू असताना मनात येईल तेव्हा टेबलावर टकटक करायला सांगावे. टकटक झाली की चालू अक्षर सोडून द्यायचे, कळलेले असले तरी. सुरुवातीला हे जिवावर येते. जमू लागले की 'शिप'मधला एच सुटला तरी आय आणि पी हातात राहतात, आणि तीन चुकांची एक होते.

सरळ मजकुराचा आणखी एक सापळा आहे, अंदाजाचा. टी-एच-ई ऐकले की हात 'द' पूर्ण करून मोकळा होतो, आणि पुढे एन येऊन तो 'देन' होता हे उशिरा कळते. वेळेचा प्रश्न नसतो. मिनिटाला ४० अक्षरे म्हणजे दर अक्षराला दीड सेकंद, हाताला तो पुष्कळ. म्हणून सरावात शब्दांबरोबर निरर्थक पाच-पाच अक्षरांचे गटही असावेत. अंदाज तिथे चालत नाही.

अंक आणि विरामचिन्हे प्रत्येकी दोन अक्षरांइतकी धरली जातात. मात्रांच्या हिशेबाने हे रास्तच आहे: एका अंकाला सरासरी १४ मात्रा लागतात, आणि शून्याला तर १९, म्हणजे जवळजवळ तीन सेकंद. नियमातल्या चिन्हांत पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि खंडचिन्हाबरोबर अर्धविराम आणि संयोगचिन्हही आहेत. शेवटची दोन बहुतेक तयार सराव-क्रमांत नसतात. ती स्वतः भरावी लागतात. त्यातही अर्धविराम बेरकी आहे. पूर्णविराम डि-डा-डि-डा-डि-डा, अर्धविराम डा-डि-डा-डि-डा-डि. ताल एकच, लांबी एकच, १७ मात्रा. सुरुवातीची पहिली खूण हुकली की दोन्ही कानाला एकसारखीच वाटतात.

पाठवणे

पाठवण्याला कमी वेळ द्यावा. ब्रायन आणि हार्टर यांनाही पाठवण्याचा आलेख घेण्याच्या आधी वर चढताना दिसला होता, आणि शिकवणाऱ्या कोणालाही तो तसाच दिसतो. इथल्या चुका जवळजवळ सगळ्या शांततेच्या असतात. हाताला घाई झाली की रेघ आखूड होत नाही, मधली जागा खाल्ली जाते. टी आणि एच चिकटले की आकडा ६ होतो. ए आणि एन चिकटले की पी. इंग्रजी उताऱ्यात या दोन्ही जोड्या दर ओळीला भेटतात. म्हणून आपले पाठवणे फोनवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी, उतारा समोर न ठेवता, लिहून घ्यावे. जिथे ६ उमटतो तिथे दोष कुठे आहे ते शोधावे लागत नाही.

मोर्स पाठवायची की, म्हणजे खटका, साधी, वर-खाली दाबायची असेल तर कोपर टेबलावर टेकलेले आणि हालचाल मनगटाची, बोटांची नव्हे. संपर्कबिंदूंमधली फट फार मोठी ठेवली की टिंबे तुटक येतात, फार लहान ठेवली की चिकटतात. परीक्षेच्या टेबलावरची की आपल्या सवयीची नसते. सरावाच्या मिनिटात फट आणि स्प्रिंग हाताला समजून घ्यावी, वेग वाढवून दाखवायला जाऊ नये. ८ च मागितले आहेत.

चूक झाल्याचे हाताला लगेच कळते, आणि तिथे घेण्यापेक्षा नियम उलटा. घेताना सोडून पुढे जायचे, पाठवताना थांबून दुरुस्त करायचे. चुकीची खूण म्हणजे सलग आठ टिंबे. त्यानंतर शब्द पहिल्या अक्षरापासून पुन्हा पाठवायचा. चुकलेल्या अक्षरापासूनच पुढे चालू केले तर ऐकणाऱ्याच्या कागदावर त्या शब्दाचे नुसते शेपूट उरते.