दार बंद झाल्यानंतरचे प्रयोग



आजचा विषय संयोजकांनी दिला आहे, 'कलादालनातील रात्र : प्रायोगिक संगीत आणि रंगभूमी'. हा विषय कळल्यावर आमच्या परिचयातले एक गृहस्थ म्हणाले, "सर, शिराळ्यात कलादालन आहे कुठे? नागपंचमीवर बोला, लोक तरी येतील." (हशा.) त्यांचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आम्ही शेवटी देणार आहोत, म्हणून मधेच उठू नका.

सुरुवात एका शब्दापासून करू. शाळेत विज्ञानाचा तास असतो, तिथे आपण 'प्रयोग' करतो. नाटक कंपनी गावात येते, तिचाही 'प्रयोग' असतो. शंभरावा प्रयोग, पाचशेवा प्रयोग. एकच शब्द. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे अशा ठिकाणी आम्ही अडखळतो. प्रयोगशाळेत तीच कृती पुन्हा केली तर तेच उत्तर यावं लागतं, नाहीतर काहीतरी चुकलं असं आपण म्हणतो. रंगमंचावर तीच कृती पुन्हा केली तरी उत्तर दररोज थोडं वेगळं येतं, आणि त्यासाठीच आपण तिकीट काढतो. मग 'प्रायोगिक' म्हणजे काय? उत्तर काय येईल हे करणाऱ्यालाही ठाऊक नाही, अशा तयारीने केलेला खेळ. आणि जिथे उत्तर ठाऊक नाही, तिथे जागा द्यायला कोण तयार होणार? आमच्या मते या सगळ्या इतिहासाचा कळीचा प्रश्न हाच आहे. जागा कुणाची, आणि किल्ली कुणाच्या हातात?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मेळ्याचे खेळ चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि तसं काही मराठीत करा, असं भाव्यांना सांगितलं. नाट्यगृह नव्हतंच. खेळ झाला तो राजाच्या आश्रयाने, राजाच्या वास्तूत. आज 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, पण त्या वेळी तो निव्वळ प्रयोग होता, फसला असता तरी नवल नव्हतं. पुढे 1851 मध्ये अप्पासाहेब वारले आणि आश्रय संपला. भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. 1853 साली त्यांचे खेळ मुंबईत तिकीट लावून झाले. म्हणजे बघा, किल्ली गेली म्हणून नाटक रस्त्यावर आलं, आणि रस्त्यावर आलं म्हणून ते सगळ्यांचं झालं.

आता एकदम शंभर वर्षं पुढे येऊ. साल 1952. मुंबईत काळा घोड्यापाशी जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. नव्या चित्रकारांना भिंत मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत जॉन केज नावाच्या संगीतकाराची एक रचना सादर झाली. वादक पियानोपाशी बसला आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद त्याने एकही सूर वाजवला नाही. लोकांना ऐकू आला तो बाहेरचा वारा, पाऊस आणि स्वतःची चुळबूळ. काही जण चिडले. या केजला हिंदुस्थानी संगीताचा विचार समजावून सांगितला होता अहमदाबादच्या गीता साराभाई यांनी, 1946 साली, न्यूयॉर्कमध्ये. मन शांत करणं हे संगीताचं काम, हे त्यांनी सांगितलेलं सूत्र केज आयुष्यभर सांगत राहिले. तेव्हा 'हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ' असं म्हणण्याआधी जरा थांबावं.

चित्र आणि सूर एका छपराखाली आल्यावर काय होतं? चित्र उद्याही भिंतीवर असतं, सूर गेला की गेला. दालनात दिवसा आपण हात मागे बांधून, हळू आवाजात फिरतो. रात्री तिथेच कुणी गायला लागलं की दालनाचे नियम बदलतात. मुंबईत हे घडलं ते वॉर्डन रोडवर, समुद्राकाठी, भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात. त्यांच्या नावाने तिथे संस्था निघाली. गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिथे खोल्या घेऊन रंगवत बसत. इब्राहिम अल्काझींची नाटकं तिथे उभी राहत. रविशंकरांनी 1962 मध्ये 'किन्नर' ही संगीतशाळा तिथेच काढली. विजया मेहता आणि 'रंगायन'ची मंडळीही त्याच वास्तूत वावरत. एका खोलीत कॅनव्हास, पलीकडे सतार, त्याच्या पलीकडे नाटकाची तालीम. कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नव्हतं, पण भिंतीपलीकडचं ऐकू येत होतं. आज ती वास्तू नाही. तिथे उंच इमारत आहे.

इथे आमचा एक आक्षेप आहे. त्या संध्याकाळी तिथे कोण येत होतं? शिराळा पेट्यातली किती माणसं त्या काळात मुंबईत होती! गिरणीत, गोदीत, माथाडी म्हणून. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा असतील. परळहून वॉर्डन रोड काही फार लांब नाही, पण त्या फाटकातून आत जावं असं त्यांच्यापैकी किती जणांना वाटलं असेल?

आणि म्हणून वाटेगावचं नाव घ्यावं लागतं. आपल्या शेजारच्या वाळवा तालुक्यातलं गाव. अण्णा भाऊ साठे तिथे 1920 साली जन्मले, लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबईला गेले. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा जुना साचा त्यांनी घेतला आणि आतून बदलला. गणात देवाच्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे आले, गवळण गेली, वगात गिरणी कामगार आला. याला कुणी 'प्रायोगिक' म्हणालं नाही, कारण प्रेक्षक पाळी संपवून आलेले, घामेजलेले होते. आम्ही म्हणतो, प्रयोगच होता तो. दालन बंद झाल्यानंतरची एक वेळ असते, तशी भोंगा झाल्यानंतरचीही एक वेळ असते. इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिलीची नोंद कलेच्या वहीत केली आणि दुसरीची चळवळीच्या वहीत. ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

या दोन वेळा जवळ आल्या त्या दादरला. 1974 साली 'आविष्कार'ने छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं सुरू केली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे ही त्यातली प्रमुख माणसं, आणि सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका. शाळा सुटली की नाटक. भव्य मंच नाही, पडदा नाही, प्रेक्षक नटाच्या अगदी पुढ्यात. तिकीट परवडणारं. अनेक संस्थांनी ती जागा वापरली आणि 'छबिलदास चळवळ' असं नावच पडलं. पुढे ती जागा सुटली तेव्हा 'आविष्कार' माहीमला गेलं. कुठे? पुन्हा एका शाळेतच. छबिलदास सुरू झालं त्याच वर्षी पुण्यात सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं, ज्यात मेलेला माणूस स्वतःच कीर्तन लावतो. सगळ्यांत नवं नाटक, आणि घाट आपल्या देवळातला!

आता कबुलीजबाब. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही नोकरीत असताना, चार विद्यार्थी आमच्याकडे आले. चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. ते संपल्यावर रात्री त्याच खोलीत त्यांना हलगी, पत्र्याचे डबे आणि कवितांचा काहीतरी कार्यक्रम करायचा होता. खोलीची किल्ली आमच्या टेबलाच्या खणात होती. आम्ही विचारलं, "यातून निष्पन्न काय होणार?" एक जण म्हणाला, "ते केल्यावर कळेल, सर." आम्ही नाही म्हणालो. वर्गात आम्ही शिकवत होतो की उत्तर आधी ठरवून विचार करू नये, आणि इकडे उत्तर आधी मागत होतो. ती मुलं पुन्हा आली नाहीत. त्या रात्री काय झालं असतं, ते आम्हाला आता कधीच कळणार नाही.

म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर. शिराळ्यात कलादालन कुठे आहे? समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तुमच्या गावात आहे. देवाची आरती झाल्यावर सभामंडप कीर्तनाला, भजनाला मोकळा ठेवायची रीत आपल्या गावोगावच्या देवळांना कुणी शिकवावी लागली नाही. शाळा पाचला सुटते. वाचनालयाला रात्री कुलूप लागतं. ज्यांच्या हातात या किल्ल्या आहेत त्यांच्यापैकी काही जण आज समोर बसले आहेत. एखादं पोर हलगी घेऊन, चित्रं घेऊन दारात आलं, तर 'यातून निष्पन्न काय' हे आधी विचारू नका. दार उघडा, आणि शेवटच्या रांगेत बसून बघा. आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी खुशाल भांडा.