आईचा काचबिंदू आणि एक वजाबाकी

परवा बोरिवलीत आईचे डोळे तपासले. प्रेशर नॉर्मल, तरी काचबिंदू! मी चक्रावलोच.

कोडं जुनं आहे. १८५७ मध्ये बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी डोळा कडक नसतानाही दृष्टीची नस खचलेली पाहिली होती. (तेव्हा प्रेशर बोटांनी चाचपायचे!)

१९९५ मध्ये बाल्टिमोरच्या पाहणीत वजाबाकी आली: बीपीचा खालचा आकडा वजा डोळ्याचं प्रेशर. उत्तर ३०च्या आत, तर काचबिंदूचं प्रमाण सहापट. म्हणजे नसेपर्यंत रक्तच नीट पोचत नसावं. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६-०८ मध्ये ४७११ जणांना तपासलं. तिथेही वजाबाकीच, फक्त डोळ्याच्या प्रेशरमधून मेंदूभोवतालच्या पाण्याचा दाब वजा. तो दाबही बीपी, वजन वगैरेंवरून अंदाजलेला.

आई बीपीची गोळी रात्री घेते. झोपेत बीपी तसंही उतरतं... गोळी आपल्या मनाने बंद करायची नाहीच. पण शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बीपीची फाइलही नेतोय.