डेसिबलची गोष्ट : टेलिफोनच्या तारेपासून एअर प्युरिफायरपर्यंत

दिल्ली, गुरुग्राम, लखनौ अशा शहरांत राहणाऱ्या मराठी घरांत दिवाळीनंतर हवेचा विषय निघतोच. मग एअर प्युरिफायरची चौकशी सुरू होते. खोक्यावर दोन आकडे असतात. एक सीएडीआर, म्हणजे यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देते. दुसरा आवाजाचा, डेसिबलमध्ये. आज या दुसऱ्या आकड्याचा इतिहास पाहू. तो नीट न वाचता घेतलेले यंत्र रात्री आवाजामुळे मंद करावे लागते, आणि श्वास तर आपण रात्रभर घेतच असतो.

गंमत अशी की डेसिबल मुळात गोंगाट मोजायला जन्मलाच नाही. लांब तारेतून जाताना बोलणे किती क्षीण होते, हे अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या अभियंत्यांना मोजायचे होते. त्यासाठी १९२४ मध्ये नवे एकक आले आणि १९२८च्या सुमारास त्याला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून ‘डेसिबल’ म्हणू लागले. हा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा १० पट होते, २० वाढले की १०० पट. कानाला मात्र १० ची वाढ साधारण दुप्पट वाटते. म्हणजे ६० डेसिबल हे ३० च्या दुप्पट नव्हे, ऐकायला सुमारे आठपट!

टेलिफोनचे हे एकक लवकरच रस्त्यावर आले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कने गोंगाट कमी करण्यासाठी आयोग नेमला. उपकरणे लादलेला ट्रक शहरभर फिरला आणि १९३० मध्ये अहवाल निघाला. गोंगाट ही नुसती तक्रार न राहता मोजता येणारी गोष्ट झाली.

पण कान सगळे स्वर सारखे ऐकत नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे आलेखांनी दाखवले. त्या आधारावर १९३६ च्या अमेरिकी मानकात ‘ए’ भारांकन आले. त्यात १०० हर्ट्झचा खालचा स्वर सुमारे १९ डेसिबलने कमी धरतात. त्यामुळे आकडा सारखा असूनही एका यंत्राची घरघर किंवा शीळ दुसऱ्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकते.

आता यंत्राकडे येऊ. हेपा गाळणी १९४०च्या दशकात अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी विकसित झाली. गाळणी स्वतः मुकीच असते. तिच्या दाट थरांतून हवा ढकलणारा पंखा आवाज करतो. खरी मेख इथेच आहे : सीएडीआर सहसा सर्वाधिक वेगाचा छापतात आणि आवाज ठळकपणे सर्वांत मंद वेगाचा. हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत.

पंख्याचे गणित मात्र आपल्या बाजूचे आहे. वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबल उतरतो. तशी दोन यंत्रे लावली तर फक्त ३ ची भर पडते. म्हणून खोलीला जेमतेम पुरणारे यंत्र पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा मोठे यंत्र मध्यम वेगावर, किंवा दोन यंत्रे मंद वेगावर चालवणे चांगले.

तुलनेसाठी दोन खुणा लक्षात ठेवा. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती घराबाहेरची. शयनगृहात रात्री सरासरी ३० डेसिबल, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवले.

तेव्हा दुकानात एकच प्रश्न विचारा : “ज्या वेगावर आम्ही झोपणार, त्या वेगावर आवाज किती आणि हवा किती?” दोन्ही उत्तरे एकाच वेगाची असतील तरच तुलना करा. भेटू पुढच्या भागात.