ओसरी आणि परछी

घराला ओसरी जोडणे हे काम दिसायला साधे आहे. मूळ घराला धक्का न लावता त्याच्या वळचणीखालून आणखी एक पाखे उतरवायचे, ते खांबांवर तोलायचे आणि जोत्यापेक्षा पायरीभर खाली जमीन धोपटून घ्यायची, एवढाच हा व्यवहार. एका उन्हाळ्यात तो उरकतो. परंतु या खांबांच्या आत जी जागा निर्माण होते ती धड घरातली नसते आणि धड बाहेरचीही नसते. माजघर घरच्यांसाठी असते, अंगण आल्यागेल्यासाठी असते. ओसरी मात्र परक्याला कुठपर्यंत येऊ द्यायचे या प्रश्नाचे उत्तर म्हणून बांधली जाते. म्हणूनच घराच्या इतिहासात तिचे स्थान आकाराच्या मानाने मोठे आहे.

मराठीत या जागेला नावे पुष्कळ आहेत. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त देवळांच्या आणि मठांच्या वर्णनात ‘पटिसाळ’ हा शब्द वारंवार भेटतो. कोकणात पडवी आणि ओटी, देशावर सोपा, मराठवाड्यात ढेळज, नागपूरकडे छपरी अशी पुढची नावनिशी आहे. हे शब्द समानार्थी मानण्याची चूक कोशकारही करतात. ढेळज ही दरवाजाशी निगडित बैठक आहे, सोपा हा चौकाभोवतीचा घराचा अंगभूत भाग आहे. पडवी ही खऱ्या अर्थाने मागाहून जोडलेली. ओसरीत मात्र हे सारे अर्थ थोडेथोडे मिसळलेले आहेत. गावठी शाळा भरली ती ओसरीवर, वाटसरूने पथारी टाकली ती ओसरीवर, आणि कोणत्या जातीच्या माणसाने ओसरी चढायची व कोणी अंगणातूनच बोलायचे याचे अलिखित नियमही तेथेच पाळले गेले. ओसरीच्या आतिथ्याचे गोडवे गाणाऱ्यांना या शेवटच्या गोष्टीचा सहसा विसर पडतो.

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण यजमानाच्या बाजूने रचलेली आहे. तिच्यातली भीती आश्रिताची आहे: जागा दिली की तो ती व्यापणार. मराठी माणूस ही म्हण घेऊन छत्तीसगडात गेला तेव्हा तिचा अर्थ त्याच्याच अंगावर उलटला, हे फारसे कोणी नोंदवलेले नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी रतनपूरच्या हैहयवंशीय राज्यावर स्वारी केली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. तेथील रामटेकडीवरचे देऊळ त्यांच्या काळचे. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल त्यांच्यामुळे या प्रांतात रुजली असे तिकडचे इतिहासकार सांगतात. १७८७ मध्ये बिंबाजी वारले आणि त्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. त्यांचे लक्ष वसुलीवर होते, वस्तीवर नव्हते. १८१८ मध्ये प्रांत इंग्रज अधीक्षकांच्या देखरेखीखाली गेला, मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले, १८३० मध्ये भोसल्यांचा अंमल पुन्हा आला आणि १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झाल्यावर कायमचा संपला. राज्य गेले तरी मराठी कुटुंबे रायपुरात राहिली. कारकुनी, वकिली, शिक्षकी हे त्यांचे व्यवसाय झाले. दुसऱ्याच्या ओसरीवर उतरलेल्यांनी तेथेच घरे बांधली.

त्यांना तेथे जे घर आढळले त्याची ओसरी म्हणजे परछी. छत्तीसगडी घर मातीचे असते. भिंती जाड आणि छुहीने, म्हणजे पांढऱ्या मातीने, सारवलेल्या. वर कुंभाराने घडवलेला अर्धगोल खपरा. आत कुरिया, म्हणजे खोल्या. मध्ये अंगना आणि मागे भाजीपाल्याची बारी. या प्रदेशात पावसाचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मातीच्या भिंतीला वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा जमिनीवरून उसळणाऱ्या शिंतोड्यांचा धोका अधिक, कारण त्यांनी भिंतीचा पाया पोखरला जातो. परछीचे उतरते छप्पर पागोळ्यांना भिंतीपासून हातभर नव्हे तर चांगले पाच-सहा हात दूर नेते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढला की तीच परछी भिंतीला सावलीत ठेवते. खांबाला सरई, म्हणजे सालवृक्षाचे लाकूड. ते जड आणि टिकाऊ. जमिनीशी मात्र ओल लागू नये म्हणून खांबाखाली दगड देतात. उतार हा या कामातला अवघड भाग. नव्या छपराचा उतार मूळ छपरापेक्षा मंद ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या कडेला माणसाचे डोके आपटते. फार मंद ठेवला तर खपऱ्यातून पाणी उलटे आत शिरते. शिवाय वरच्या पाख्याचे सगळे पाणी खालच्यावर पडते, त्यामुळे जोडाजवळचा खपरा सर्वांत आधी सरकतो. नागपूरकडे पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याचा जो वार्षिक उद्योग चालत असे तो येथेही होताच. माकडांनी त्यात भर घालावी हेही दोन्हीकडे सारखेच.

परछीत भात सडण्याची ढेंकी असे. धान्याची कोठी जवळच असे. पौष पौर्णिमेला छेरछेरा मागणारी मुले दारी आली की सूपभर धान तेथूनच बाहेर येई. मराठी ओसरीपेक्षा ही जागा अधिक कष्टाची आणि अधिक बायकांची होती. ओसरीवर पुरुषांनी पान खावे आणि बायकांनी दाराआडून ऐकावे, ही मराठी वाड्याची रीत परछीला तंतोतंत लागू पडत नाही.

इंग्रजी अमलात याच जागेला तिसरे रूप मिळाले. ‘व्हरांडा’ हा शब्द १४९८ च्या वास्को द गामाच्या प्रवासवृत्तात आढळतो, म्हणजे पोर्तुगीज तो येथे येण्यापूर्वीच वापरत होते. वस्तू मात्र येथे आधीपासून होती. बंगल्याने ती उचलली आणि तिचा स्वभाव बदलला. साहेबाच्या व्हरांड्यात अर्जदार ताटकळत उभा राहू लागला. बसण्याची जागा उभे राहण्याची झाली, हा फरक वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही.

त्याच काळात पागोळ्याही कायद्याच्या कक्षेत आल्या. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम प्रथम मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत यांना लागू झाला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये मिळाला. म्हणजे मध्य प्रांतातले रायपूर या बाबतीत पुण्याच्या नऊ वर्षे पुढे होते. वीस वर्षे अखंड आणि हक्काने चाललेली वहिवाट या कायद्याने अधिकारात रूपांतरित होते. वळचणीचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत पाडण्याचा प्रश्न या जातीचा. रोमन कायद्याने तर त्याला ‘स्टिलिसिडियम’ असे वेगळे नावच दिले होते. वाढवलेल्या छपराची कड कोठे संपते हा वकिलाचा विषय झाला.

या पार्श्वभूमीवर माधवराव सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१ मधील छोटी हिंदी कथा वाचावयास हवी. सप्रे (१८७१–१९२६) मराठी घरातले, शिक्षण बिलासपूर-रायपूरचे. पेंड्रा येथून १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले आणि त्यातच ही कथा आली. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. कथेतील जमीनदाराला आपल्या महालाचे आवार गरीब विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे आहे. ती हटत नाही, तेव्हा तो वकिलांचे खिसे गरम करून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी एक दिवस टोपली घेऊन येते: नात अन्न सोडून बसली आहे, झोपडीच्या मातीची चूल घातली तर ती जेवेल. माती भरून झाल्यावर टोपलीला हात लावण्याची विनंती ती जमीनदारालाच करते, आणि ती त्याच्याने उचलत नाही. टोपलीभर मातीचा भार झेपत नसेल तर साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार, हा तिचा प्रश्न त्याला वठणीवर आणतो. तो झोपडी परत करतो.

ही हिंदीतील पहिली कथा की नव्हे, यावर हिंदी समीक्षकांनी बरीच शाई खर्च केली. त्या वादात कथेचा विषय बाजूला राहिला. घर वाढवणे हाच तिचा विषय आहे. म्हणीत आश्रित पसरतो. सप्र्यांच्या कथेत मालक पसरतो, आणि त्याच्या हाती वकील आहेत. सुभेदारी आणि इंग्रजी दोन्ही अमलांची वसुली सोसलेल्या प्रांतात, तेथे वाढलेल्या एका मराठी माणसाने म्हणीची बाजू बदलावी, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही. शेवटचे हृदयपरिवर्तन सोपे आहे, हे मान्य करावे लागते. त्या काळच्या बोधकथेची ती मर्यादा आहे. पण माती उचलण्याचा प्रसंग बोधाच्या पलीकडे जातो, कारण त्यातले वजन रूपकाचे होण्यापूर्वी खरोखरीचे आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर राजधानी झाले आणि जमिनीला नवे मोल आले. सिमेंटच्या छताला पागोळ्यांची भीती नसते. त्यामुळे परछीचे मूळ कारणच नाहीसे झाले. घरासमोर नियमाने मोकळी सोडायची जागा पत्र्याने झाकून घेण्याचा मोह मात्र वाढला. तिला जाळी बसली की ती खोली होते. २००२ मध्ये छत्तीसगडाने अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याचा कायदाच केला. पूर्वी वाढीव छप्पर शेजाऱ्याला मान्य व्हावे लागे. आता ते नकाशावर चौरस फुटांत मोजले जाते. जुन्या पाऱ्यांतून काही परछ्या अजून उभ्या आहेत. छेरछेऱ्याच्या सकाळी मुले तेथे पायरीपाशी थांबतात, आणि कोठीतले धान सुपातून त्यांच्या झोळीत पडते.